समुद्राची पैसेवारी

(नायगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्याचे मूळ गाव शेतीचे आहे, त्याला पैसेवारी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पीक उभे असताना महसूल खात्याचे कर्मचारी आणि गावातील जाणती मंडळी शिवारात जातात. आधी नजरअंदाज होतो. पुढे निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापले जाते, मळले जाते, तोलले जाते. त्यावरून गावाचे पीक किती पैसे आले ते ठरते. आकडा पन्नास पैशांच्या खाली गेला की टंचाईच्या सवलतींचे दार उघडते. या पद्धतीत दोष आहेत, तिच्यावरून दरवर्षी वाद होतात. तथापि वाद घालण्यासाठी तरी एक ठरलेली पद्धत आहे. शेत डोळ्यांपुढे आहे आणि शेतकऱ्याला बांधावर उभे राहून ‘हा आकडा चुकला’ असे म्हणता येते.

समुद्राच्या शेताला बांध नाही. त्यातले पीक दिसत नाही, एका जागी थांबत नाही आणि कोणाच्या सातबाऱ्यावर चढत नाही. तरीही त्या पिकावर जगणारी माणसे आहेत आणि ते किती काढावे, केव्हा काढावे, कोणी काढावे याचे नियम करणारे शासनही आहे. नायगावच्या एका अंगाला उंच इमारतींची नवी वसाहत वाढते आहे. दुसऱ्या अंगाला मिठागरे, वसईची खाडी आणि तिच्या मुखापलीकडचा समुद्र आहे. या दुसऱ्या अंगाचे भवितव्य एका प्रश्नाशी बांधलेले आहे. पाण्यात मासळी किती आहे, हे आपल्याला नेमके कळते काय? आणि नेमके कळत नसेल, तर निर्णय कोणत्या आधारावर घ्यायचे?

जवळा : दुर्लक्षित पाया

या प्रश्नाचा विचार मोठ्या, मोलाच्या माशापासून न करता अगदी लहान जिवापासून करणे उपयुक्त ठरेल. सुका जवळा माहीत नाही असे कोकणी घर विरळा. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, जवळजवळ पारदर्शक असा हा कोळंबीच्या नात्यातला जीव. पावसाळ्यात भाजी महागली की कांद्यावर परतलेल्या जवळ्याने असंख्य घरांचे जेवण भागवले आहे. बाजारात त्याला पापलेटची प्रतिष्ठा नाही. निर्यातीच्या गौरवगाथेत त्याचे नाव येत नाही. परंतु समुद्राच्या अर्थव्यवस्थेत तो पायाचा दगड आहे. बोंबील मोठ्या प्रमाणावर जवळ्यावर वाढतो. इतर अनेक मासेही त्याच्यावर पोसतात. वसई, अर्नाळा, उत्तन या पट्ट्यातील कोळीवाड्यांत बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा दिसतात, त्यांच्यामागे हा अदृश्य जवळा उभा असतो.

हे दोन्ही जीव प्रामुख्याने डोल जाळ्यात सापडतात. डोल हे मासळीचा पाठलाग करणारे जाळे नव्हे. नरसाळ्याच्या आकाराचे हे लांबलचक जाळे समुद्रात एका जागी खुंटांना वा कवींना बांधलेले असते. भरती-ओहोटीचा प्रवाह त्याच्या तोंडातून आत शिरतो आणि प्रवाहाबरोबर आलेले जीव शेवटच्या टोकाला जमा होतात. जाळ्याचे आस, म्हणजे त्याची छिद्रे, तेथे अत्यंत बारीक असतात, कारण जवळा पकडायचा तर ती बारीकच हवीत. याच कारणाने बोंबलाची आणि इतर माशांची पिल्लेही त्यात सापडतात. जवळा घ्यावा तर पिल्ले जातात, पिल्ले वाचवावीत तर जवळा निसटतो. डोलवाल्या कोळ्याचा हा पेच पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

या पेचावर नियमाने तोडगा काढायचा म्हटले तर प्रथम हे ठाऊक हवे की जवळा मुळात किती आहे, तो किती वेगाने वाढतो, बोंबील त्यातला किती खातो आणि माणसाने किती घेतला तर बोंबलाच्या तोंडचा घास जात नाही. येथेच अडचण सुरू होते. जवळ्याचे आयुष्य महिन्यांत मोजावे असे अल्प. त्याचे थवे प्रवाहाबरोबर येतात आणि जातात. एका भरतीला टोपल्या भरतात आणि दुसऱ्या भरतीला जाळे रिकामे येते. अशा जिवाची शिरगणती करणार कशी?

मोजणी होते कशी?

आपल्या देशात ही मोजणी होत नाही असे समजणे अन्यायाचे होईल. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, फेब्रुवारी १९४७ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेची स्थापना झाली. कोचीला मुख्यालय असलेल्या या संस्थेचे एक केंद्र मुंबईतही आहे. देशाच्या किनाऱ्यावर किती मासळी उतरते याचा अंदाज ही संस्था कित्येक दशके नमुना पद्धतीने करीत आली आहे. २०१० च्या सागरी मत्स्यगणनेनुसार एकट्या महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे आणि मासळी उतरण्याची १५२ केंद्रे होती. प्रत्येक केंद्रावर, प्रत्येक दिवशी, प्रत्येक होडीजवळ माणूस उभा करणे कोणत्याही संस्थेला अशक्य आहे. म्हणून काही केंद्रे, काही दिवस आणि त्या दिवशीच्या काही होड्या निवडल्या जातात. त्यांची मासळी नोंदली जाते आणि तिच्यावरून साऱ्या किनाऱ्याचा हिशेब मांडला जातो. भाताची चार शिते दाबून भात शिजला की नाही हे पाहण्याचा हा शास्त्रीय अवतार आहे, आणि शिते नीट निवडली तर तो उत्तम चालतो.

परंतु ही मोजणी किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीची आहे, समुद्रातल्या मासळीची नाही, हा भेद फार महत्त्वाचा आहे. बँकेतून या महिन्यात किती रक्कम काढली हे ठाऊक असले म्हणून खात्यात किती शिल्लक आहे ते कळत नाही. मासळी कमी उतरली, याचा अर्थ मासळी कमी झाली असा होऊ शकतो. होड्या कमी गेल्या, वादळ आले, डिझेल परवडले नाही, मासळी दुसरीकडे सरकली, असाही होऊ शकतो. उलट मासळी भरपूर उतरली, याचा अर्थ समुद्र समृद्ध आहे असा होतो, किंवा आपण मुद्दल खात आहोत असाही होतो.

२०१९ सालचे उदाहरण पाहावे. केंद्रीय संस्थेच्या अंदाजानुसार त्या वर्षी महाराष्ट्रात सुमारे २ लाख १ हजार टन मासळी उतरली. आदल्या वर्षीचा अंदाज २ लाख ९५ हजार टनांचा होता. पंचेचाळीस वर्षांतला नीचांक म्हणून त्या आकड्याची चर्चा झाली. समुद्र रिता झाला काय? त्याच वर्षी ऐन हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात लागोपाठ आली आणि होड्या बंदरातच अडकून पडल्या. मग एक तृतीयांश घट वादळाने झाली, की अतिरेकी मासेमारीने, की तापत्या समुद्राने? तिन्ही कारणे खरी असू शकतात. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे एका आकड्यातून निघत नाही.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट दुसरीच आहे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे त्या सुमाराचे सागरी मत्स्योत्पादनाचे आकडे चार लाख टनांच्या वर होते. समुद्र तोच, किनारा तोच, होड्या त्याच, आणि शासनाच्याच दोन यंत्रणांचे हिशेब एकमेकांपासून इतके दूर! एक हिशेब कॅलेंडर वर्षाचा आणि दुसरा आर्थिक वर्षाचा असतो, तसेच नोंदीच्या पद्धतीही भिन्न आहेत. पण एवढ्याने दुपटीचे अंतर सहज भरून निघत नाही. यात कोणावर लबाडीचा आरोप करण्याचे कारण नाही. अंदाज हा अंदाजच असतो, हे मात्र त्यातून ध्यानात यावे.

मोजण्याची काठी बदलली की माप बदलते, याचे अगदी साधे उदाहरण आपल्या किनाऱ्याच्या लांबीचेच आहे. भारताला ७,५१६ किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे, असे शाळेत घोकलेल्या पिढ्या या सभागृहात बसल्या आहेत. अलीकडे अधिक सूक्ष्म नकाशांवरून, खाड्या आणि वळणे जमेस धरून फेरमोजणी झाली आणि तीच लांबी ११,०९८ किलोमीटरच्या घरात गेली. देश तसूभरही वाढलेला नाही. स्थिर उभ्या असलेल्या किनाऱ्याची ही गत असेल, तर पाण्याखाली क्षणोक्षणी हलणाऱ्या जवळ्याची काय कथा?

दक्षिण ध्रुवाचा धडा

जवळ्याशी साम्य असलेला, परंतु निराळ्या कुळातला एक जीव पृथ्वीच्या दक्षिण टोकाला अंटार्क्टिकाच्या समुद्रात राहतो. त्याचे नाव क्रिल. निळ्या देवमाशापासून पेंग्विनपर्यंत तेथली सारी सृष्टी त्याच्यावर उभी आहे. जवळा हा बोंबलाचा जसा आधार, तसा क्रिल हा देवमाशाचा. त्याच्यापासून मत्स्यखाद्य आणि तेल काढले जात असल्याने अनेक देशांची जहाजे तेथे जातात. तेथील सागरी जिवांच्या रक्षणासाठी झालेला आंतरराष्ट्रीय करार १९८२ मध्ये अमलात आला. भारत त्याच्या आयोगाचा १९८६ पासून सदस्य आहे. १९९५-९६ मध्ये ‘सागर संपदा’ या आपल्या संशोधन जहाजाने क्रिलच्या अभ्यासासाठी तेथवर मजलही मारली.

जगातील उत्तम साधने या क्रिलच्या मोजणीसाठी लावली गेली. जहाजाच्या तळातून पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या, थव्यावर आपटून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून थवा किती मोठा हे ताडायचे, अशी ही पद्धत. २००० सालच्या प्रारंभी चार देशांच्या चार जहाजांनी दक्षिण अटलांटिकचा प्रचंड टापू पिंजून काढला. हिशेब निघाला ४ कोटी ४३ लाख टनांचा. पुढे काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी एक मूलभूत शंका काढली. एक क्रिल नेमका किती प्रतिध्वनी परत पाठवतो? तो आडवा पोहतो की तिरपा, यावर ते अवलंबून आहे. ते गणित सुधारले तेव्हा त्याच प्रतिध्वनींवरून उत्तर आले ३ कोटी ७३ लाख टन. २०१० मध्ये पुन्हा सारे तपासले, चुका दुरुस्त केल्या, तेव्हा उत्तर आले ६ कोटी ३ लाख टन.

सर्वेक्षण एकच, जहाजे तीच, नोंदी त्याच, आणि उत्तरे तीन! समुद्रातला एकही क्रिल या दहा वर्षांच्या कागदी उलथापालथीने कमी वा जास्त झाला नव्हता. २०१९ मध्ये नव्याने सर्वेक्षण झाले, त्याचा अंदाज ६ कोटी २६ लाख टन आला. याचा अर्थ एकोणीस वर्षांत क्रिल वाढला असा घ्यायचा, की तितकाच राहिला असा? दोन मोजण्यांमधील फरकापेक्षा एकाच मोजणीतली अनिश्चितता मोठी असेल, तर असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते.

मग त्या आयोगाने काय केले? नेमका आकडा सापडेपर्यंत वाट पाहिली नाही आणि ‘ठाऊक नाही, तर घ्या हवे तेवढे’ असेही म्हटले नाही. साठ्याच्या अंदाजावरून त्या टापूसाठी ५६ लाख टनांच्या आसपास वार्षिक मर्यादा निघत होती. पण एकाच ठिकाणी सारी जहाजे तुटून पडली तर तेथल्या पेंग्विनांची उपासमार होईल, ही शंका होती. म्हणून जोवर मासेमारीची विभागणी करण्याची पक्की रीत ठरत नाही, तोवर ६ लाख २० हजार टनांवर थांबायचे, असा कुंपणाचा आकडा घालण्यात आला. ज्ञान अपुरे आहे, म्हणून हात आखडता, हे त्यामागचे तत्त्व. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते कुंपण प्रथमच गाठले गेले आणि हंगाम संपण्याआधी मासेमारी बंद करावी लागली. हे सारे सुरळीत चालले आहे असे नाही. मासेमारी निरनिराळ्या उपविभागांत वाटून देणारा नियम २०२४ मध्ये सदस्य देशांच्या मतभेदांमुळे पुढे चालू राहू शकला नाही. तरी वरची मर्यादा आधीच ठरलेली होती, म्हणून ती गाठल्यावर थांबता आले. वाद पेटल्यावर मर्यादा ठरवायला बसले असते, तर ते कधीच जमले नसते.

अंदाज फसला तर

अंदाजाला सत्य समजले तर काय होते, याचे उदाहरण कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याने जगापुढे ठेवले आहे. तेथील कॉड माशावर शतकानुशतके वस्त्या जगल्या. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांचे अंदाज आशादायक होते आणि त्यांवर कोटा ठरत होता. त्या अंदाजांत मोठ्या जहाजांच्या दर तासाच्या पकडीला बरेच वजन होते आणि ती पकड चांगली दिसत होती. चांगली दिसण्याचे कारण मात्र भयंकर होते. तळे आटू लागले की उरलेले मासे मधल्या डबक्यात गोळा होतात आणि तेथे जाळे टाकणाऱ्याला वाटते, मासळी पूर्वीपेक्षा वाढली! समुद्रात तसेच घडत होते. साठा आटत होता, उरलेले थवे थोड्या जागी एकवटत होते आणि सुधारलेल्या यंत्रांची जहाजे नेमकी तेथे पोहोचत होती. किनाऱ्यालगत लहान होड्यांनी मासेमारी करणारे लोक मासा लहान होत चालल्याचे आणि कमी येत असल्याचे सांगत होते. त्यांच्या सांगण्याला आकड्यांची प्रतिष्ठा नव्हती.

२ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून घातली होती, ती उठायला २०२४ साल उजाडले. बत्तीस वर्षे! बंदीच्या दिवशी जन्मलेले मूल कर्ते झाले, तरी गावाचा पूर्वीचा व्यवसाय परतला नाही.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मासळी घटली की दोष नेहमी मच्छीमाराचाच असतो, असे नाही. केरळात २०१२ मध्ये तारली सुमारे ३ लाख ९० हजार टन उतरली होती. २०२१ मध्ये ती अवघी ३,२९७ टन उरली. तारली हा मुळात लहरी मासा. पावसाचे मान, समुद्राचे तापमान आणि पाण्यातील सूक्ष्म अन्न यांप्रमाणे त्याचे थवे वाढतात आणि ओसरतात. अशा वर्षी केवळ जाळ्यांना दोष देणारा जितका चुकतो, तितकाच ‘निसर्गाचा खेळ आहे, चालू द्या’ म्हणत उरलेली पिल्लेही ओढणारा चुकतो. वाईट वर्ष कोणत्याही कारणाने आलेले असो, त्या वर्षी हात आवरावाच लागतो.

भार कोणाच्या माथी?

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे वळू. अनिश्चितता हा शास्त्रज्ञांच्या चर्चासत्राचा विषय वाटतो, पण तिची किंमत रोख मोजावी लागते आणि ती मोजतो कोण, हा खरा सामाजिक प्रश्न आहे.

पावसाळी बंदीचेच पाहा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जे आधी येईल तोवर असे. पावसाळ्यात दर्यावर न जाता नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होडी लोटण्याची कोळी समाजाची रीत कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. उसळलेल्या समुद्रात जीव जाऊ नये आणि विणीच्या काळात मासळीला उसंत मिळावी, हे दोन्ही हेतू त्या रीतीत एकत्र गुंफले गेले. पौर्णिमेपूर्वी समुद्र शांत होत नाही आणि पिल्ले मोठी होत नाहीत, म्हणून बंदी ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाढवावी, अशी मागणी मच्छीमार संघटनांनीच वेळोवेळी केली आहे. ज्याचे पोट मासळीवर आहे तो स्वतःहून ‘आम्हाला आणखी पंधरा दिवस थांबवा’ म्हणतो, याहून मोठी साक्ष कोणती हवी? मात्र किती दिवस थांबल्याने किती पिल्ले वाचली, हे मोजून ठेवले तरच या अनुभवाला धोरणाच्या मेजावर वजन येईल.

नौकांमधल्या वादांचेही तसेच. वसई-उत्तन पट्ट्यातील कवी आणि सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांची जाळी यांमधला हद्दीचा वाद जुना आहे. दोन्हीकडे आपलेच बांधव आहेत. मासळी भरपूर असते तेव्हा समुद्र विस्तीर्ण वाटतो. घटली की तोच अपुरा पडतो आणि भाऊ भावाच्या हद्दी मोजू लागतो. अशा वेळी दोघांनाही मान्य होईल अशी मासळीची नोंद नसेल, तर निवाडा संख्याबळाने वा आवाजाने होतो, न्यायाने होतोच असे नाही.

नियमांची वाण आहे असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन दंड कडक झाले. २०२३ मध्ये चोपन्न जातींच्या माशांसाठी, यापेक्षा लहान पकडू नये, असे किमान आकारमान ठरवण्यात आले. हे स्वागतार्ह आहे. परंतु प्रखर दिवे लावून थवे ओढणारी मोठी नौका आणि भरती-ओहोटीवर चालणारी डोलीची होडी यांना एकाच तागडीत तोलले, तर अंदाजातील चुकीचा सारा भार लहानावर पडतो. मोठी नौका दूर जाऊ शकते, बंदर बदलू शकते, तोटा दोन हंगाम सोसू शकते. डोलवाला आपल्या कवीपाशी बांधलेला असतो.

त्यातच किनारा झपाट्याने बदलतो आहे. उल्हास नदीतून येणारे शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी याच खाडीतून समुद्राला मिळते. पालघर जिल्ह्यातच वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. देशाच्या व्यापारासाठी बंदरे लागतात आणि विकासाला विरोध करणे हा येथील विषय नाही. विषय इतकाच, की बदलापूर्वी पाण्यात काय होते याची नोंद नसेल, तर बदलानंतर काय गेले हे सांगणार कोण? उद्या मच्छीमार म्हणेल, ‘आमचा जवळा गेला.’ अधिकारी विचारील, ‘किती होता?’ या प्रश्नाला कागदावर उत्तर नसेल, तर खरे नुकसानही खोटे ठरेल आणि भरपाईची याचना करावी लागेल. ज्याची नोंद नाही, त्याची भरपाई नाही, हा कचेरीचा न्याय आपण सारे जाणतोच.

काय करता येईल?

हताश होण्याचे कारण नाही. समुद्रातील मासळीचा अचूक आकडा कधीच मिळणार नाही, हे मान्य केले की पुढची वाट मोकळी होते.

पहिली गोष्ट, आकडा सांगताना त्याची मर्यादाही सांगावी. ‘इतके टन’ असे न म्हणता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे म्हणावे. केंद्रीय संस्थेने २०२२ च्या स्थितीसंबंधीच्या अहवालात देशातील १३५ मत्स्यसाठे तपासून त्यांपैकी ९१.१ टक्के निरोगी असल्याचे म्हटले, तेव्हा अनेकांना दिलासा मिळाला आणि तो योग्यच होता. पण देशाच्या सरासरीने नायगावच्या टोपलीचा हिशेब लागत नाही. गावाचा सरासरी पाऊस चांगला झाला म्हणून प्रत्येक विहिरीला पाणी लागते असे नाही.

दुसरी गोष्ट, निर्णयाचा नियम आधी ठरवावा. एका होडीमागे एका भरतीला मिळणारी मासळी सलग इतके हंगाम अमुक पातळीच्या खाली गेली, तर बंदी इतके दिवस वाढेल, आणि सावरली तर पूर्ववत होईल, असे सर्वांनी शांत डोक्याने आधी लिहून ठेवावे. पैसेवारीत पन्नास पैशांची रेषा आधी आखलेली असते, म्हणूनच दुष्काळ जाहीर होतो. समुद्राला अशी रेषा नाही, म्हणून त्याचा दुष्काळ जाहीरच होत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती समाजाच्या हातची आहे. एका जागी उभे असलेले डोल जाळे हे पर्जन्यमापकासारखे आहे. मासळीच्या मागे धावणाऱ्या जहाजाची पकड आपल्याला फसवू शकते, जसे कॉडच्या बाबतीत झाले. स्थिर जाळ्यात प्रवाहाने जे आणले तेच सापडते. म्हणून वर्षानुवर्षे त्याच जागी लागणाऱ्या डोलीची नोंद हा समुद्राच्या प्रकृतीचा फार प्रामाणिक आलेख ठरू शकतो. त्यासाठी महागडे यंत्र नको. तिथी, उधाण की भांग, जाळ्याची जागा, जाळी किती, जवळा किती टोपल्या, बोंबील किती, त्यांत लहान किती, एवढ्या सात रकान्यांची वही पुरे. जागा बदलली तर तसे लिहावे. जाळे रिकामे आले तर तेही लिहावे, कारण रिकामे जाळे हीसुद्धा माहितीच आहे. आणि टोपलीत किती किलो बसते, हे महिन्यातून एकदा तराजूवर पाहून घ्यावे.

ही वही कोण भरील? कोळीवाड्यातील मासळीचा हिशेब परंपरेने स्त्रियांच्या हाती आहे. टोपली हाती आली की मासा गेल्या वर्षीपेक्षा लहान की मोठा, हे त्या न मोजता सांगतात. घरातील शिकणारी मुले-मुली ते लिहून काढू शकतात. वसई-विरारच्या महाविद्यालयांतील विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात, तो हा विषय आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि केंद्रीय संशोधन संस्थेचे मुंबई केंद्र काही तासांच्या अंतरावर आहेत. अशा नोंदी तपासून घेण्याची विनंती त्यांच्याकडे करता येईल. इमारतींत नव्याने राहायला आलेल्या सुशिक्षित कुटुंबांनीही हे काम परके मानू नये. ज्यांच्या ताटात नायगाव-वसईचे बोंबील पडतात, त्यांचे त्या पाण्याशी नाते जुळलेलेच आहे.

यात एक पथ्य पाळावे लागेल. नोंद खरी हवी. अनुदान मिळावे म्हणून कमी लिहायचे, पत वाढावी म्हणून जास्त लिहायचे, हा मोह मोठा असतो. शासनाचे आकडे चुकतात म्हणून बोट दाखवणाऱ्याची स्वतःची वही स्वच्छ असली पाहिजे. आणि शासनानेही या वहीचा उपयोग कर बसवण्यासाठी वा दंड करण्यासाठी होणार नाही, अशी हमी दिली पाहिजे. विश्वास नसेल तर खरी नोंद होत नाही आणि खरी नोंद नसेल तर कोणताही नियम न्याय्य ठरत नाही.

आपल्याकडे पीक काढताना बियाणे बाजूला ठेवण्याची रीत आहे. कितीही ओढग्रस्त असली तरी जाणता शेतकरी बियाण्याला हात लावत नाही. पुढच्या वर्षी पाऊस किती पडेल हे त्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक नसते म्हणूनच तो बियाणे राखतो. समुद्राच्या बाबतीत आपल्याला नेमके हेच करायचे आहे. किती आहे ते पुरते कळत नाही, म्हणून थोडे राखून घ्यायचे, घेतलेले लिहून ठेवायचे, आणि लिहिलेले सर्वांसमोर मांडायचे. येत्या नारळी पौर्णिमेला होड्या दर्यात लोटल्या जातील, तेव्हा प्रत्येक कोळीवाड्यातील निदान पाच होड्यांबरोबर अशी एकेक वही जावी. पाच वर्षांनी त्या वह्या बोलू लागतील, आणि त्यांचे बोलणे कोणालाही टाळता येणार नाही.